हॉर्न स्पीकरसाठी ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की सॉलिड-स्टेट: मोजून ठरवण्याची पद्धत

हॉर्न स्पीकरसाठी अ‍ॅम्प्लिफायर शोधायला निघालेला माणूस बहुधा सर्वांत आधी वॉटचा आकडा पाहतो, आणि या निवडीत नेमका तोच आकडा सर्वांत कमी कामाचा असतो. पेटीत बसवलेला साधा कोन-स्पीकर मिळालेल्या विजेपैकी जेमतेम एक टक्का ध्वनीत बदलतो. हॉर्नमुळे, म्हणजे पुढे रुंद होत जाणाऱ्या भोंग्यामुळे, ड्रायव्हरचा (आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा) पडदा हवेशी अधिक चांगला जुळतो आणि हे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. त्यामुळे थोडक्या वॉटमध्ये काम भागते, हे सर्वांना ठाऊक असते. पण साध्या स्पीकरवर कधी कानावर न आलेली अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण, फुसफुस आणि अगदी हलक्या आवाजातील विकृती हॉर्न तितक्याच मोठ्याने ऐकवतो, हे मात्र खरेदीनंतर लक्षात येते.

म्हणून ट्यूब (निर्वात नळ्यांचा) की सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरचा) हा प्रश्न मी पुढील क्रमाने सोडवावा असे सुचवतो: आधी स्पीकरची खरी गरज काढावी, मग अ‍ॅम्प्लिफायरचा शांततेतील आवाज तपासावा, त्यानंतर त्याचा आउटपुट इंपीडन्स (आउटपुटच्या बाजूने दिसणारा त्याचा अंतर्गत विद्युतरोध) स्पीकरशी कसा वागतो ते पाहावे, आणि नादाच्या आवडीनिवडीचा विचार शेवटी करावा. यातील बरेचसे काम एक मल्टिमीटर, काही रेझिस्टर आणि थोडा संयम एवढ्यावर होते.

जोडी जमली कशी

हॉर्न आणि ट्यूब यांचे नाते मुळात गरजेतून आले आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५५५ हा कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या गळ्याशी बसणारा ड्रायव्हर) १९२६ साली बोलपटांसाठी वापरात आला, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर काही वॉटचेच असत आणि तेवढ्यात संपूर्ण चित्रपटगृह भरायचे असे. वॉट महाग होता, म्हणून स्पीकर अधिक कार्यक्षम करावा लागला. १९४६ साली पॉल क्लिप्श यांनी घराच्या कोपऱ्यात बसणारा क्लिप्शहॉर्न बाजारात आणला, तेव्हाही ट्रान्झिस्टर अस्तित्वात नव्हता. सांगायचे एवढेच की हॉर्नला ट्यूबच शोभते हा समज ध्वनिशास्त्रातून आलेला नाही. त्या काळी दुसरा पर्यायच नव्हता. त्या समजाला कधीकधी तांत्रिक आधारही सापडतो, पण तो कुठे लागू होतो आणि कुठे नाही हे तपासूनच मान्य करावे.

पहिली पायरी: संवेदनशीलतेचा आकडा नीट वाचणे

स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता (ठरावीक विजेवर १ मीटरवर मिळणारा आवाज) ‘१०४ डेसिबल’ अशी लिहिलेली असेल, तर तो आकडा १ वॉटसाठी आहे की २.८३ व्होल्टसाठी, हे पाहावे. ८ ओहमच्या स्पीकरला दोन्ही सारखेच, कारण २.८३ व्होल्टला ८ ओहममध्ये बरोबर १ वॉट जातो. तोच व्होल्टेज ४ ओहममध्ये २ वॉट आणि जुन्या चित्रपटगृहांतील १६ ओहमच्या ड्रायव्हरमध्ये अर्धा वॉट देतो, त्यामुळे आकड्यात ३ डेसिबलचा फरक पडतो. काही उत्पादक खोलीच्या भिंतींमुळे मिळणारी भरही धरून आकडा छापतात, हेही लक्षात असू द्यावे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘हॉर्न स्पीकर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक संचांत फक्त मधला आणि वरचा पट्टा हॉर्नचा असतो, तर खालचा पट्टा साध्या पेटीतील १५ इंची वूफर वाजवतो. हॉर्न १०७ डेसिबलचा आणि वूफर ९७ डेसिबलचा असेल, तर संपूर्ण संच ९७ डेसिबलचाच ठरतो, कारण हॉर्नला १० डेसिबल खाली आणल्याशिवाय दोघांचा मेळ बसत नाही. हे १० डेसिबल कुठे आणि कसे कमी केले आहेत, यावर पुढील बहुतेक निर्णय अवलंबून असतात.

दुसरी पायरी: किती वॉट पुरतील

हिशेब सोपा आहे. समजा तुम्ही स्पीकरपासून ३ मीटरवर बसता आणि संगीताची सरासरी पातळी ८० डेसिबल ठेवता. ध्वनिमुद्रणातील क्षणिक उंचवटे त्यापेक्षा २० डेसिबल वर जातात असे धरले, तर बैठकीच्या जागी १०० डेसिबलची सोय हवी. मोकळ्या जागेत ३ मीटरवर सुमारे ९.५ डेसिबल घट होते आणि दोन स्पीकर मिळून ३ डेसिबल परत देतात, म्हणजे एका स्पीकरकडून १ मीटरवर १०६.५ डेसिबल हवेत. १०४ डेसिबलच्या हॉर्नला त्यासाठी साधारण १.८ वॉट लागतात. ९७ डेसिबलच्या संचाला सुमारे ९ वॉट, आणि ८८ डेसिबलच्या साध्या स्पीकरला सुमारे ७१ वॉट. बंद खोलीत अंतरामुळे होणारी घट मोकळ्या जागेपेक्षा कमी असते, त्यामुळे प्रत्यक्षातील गरज याहून थोडी कमीच निघते.

४५ या जुन्या ट्रायोडच्या (तीन अग्रांच्या ट्यूबच्या) सिंगल-एंडेड, म्हणजे सगळी लहर एकाच ट्यूबने वाढवणाऱ्या, अ‍ॅम्प्लिफायरमधून जेमतेम दीड ते दोन वॉट मिळतात, २ए३ मधून साडेतीन, ३००बी मधून सुमारे आठ, ईएल८४ च्या सिंगल-एंडेड मांडणीतून चार ते पाच आणि ईएल३४ च्या पुश-पुल (लहरीचे दोन भाग वाटून घेणाऱ्या) जोडीतून तीस-पस्तीस. म्हणजे १०४ डेसिबलच्या खऱ्या हॉर्नला २ए३ सुद्धा पुरतो, पण ९७ डेसिबलच्या मिश्र संचाला ३००बी अगदी काठावर येतो. मोठा वाद्यवृंद मोठ्याने ऐकण्याची सवय असेल, तर या आकड्यांच्या दुप्पट-तिप्पट सोय ठेवावी. याउलट बाजारातील जवळजवळ कोणताही सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प्लिफायर ही गरज सहज भागवतो, त्यामुळे वॉटच्या निकषावर तिकडे निवड करण्यासारखे काही उरतच नाही.

तिसरी पायरी: शांततेची परीक्षा

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला काहीही न देता त्याच्या आउटपुटवर जो थोडासा व्होल्टेज शिल्लक राहतो, त्याला अवशिष्ट गोंगाट म्हणू. तो १ मिलिव्होल्ट असेल, तर २.८३ व्होल्टच्या तुलनेत ६९ डेसिबल खाली आहे. ८८ डेसिबलच्या स्पीकरवर त्याचे १ मीटरवर १९ डेसिबल होतात, म्हणजे सामान्य खोलीत काहीच ऐकू येत नाही. १०५ डेसिबलच्या हॉर्नवर मात्र तेच ३६ डेसिबल होतात आणि रात्रीच्या शांततेत ते बैठकीच्या जागीसुद्धा जाणवतात. गोंगाट ०.१ मिलिव्होल्टवर आला की हॉर्नवर १६ डेसिबल उरतात आणि प्रश्न मिटतो. म्हणून १०० डेसिबलच्या पुढील स्पीकरसाठी ०.३ मिलिव्होल्टच्या आतील अ‍ॅम्प्लिफायर चांगला आणि ०.१ च्या आतील उत्तम, अशी खूणगाठ बांधायला हरकत नाही.

येथे सॉलिड-स्टेटचे पारडे सरळ जड आहे. चांगल्या बनावटीचे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर ०.१ मिलिव्होल्टच्या आत सहज राहतात, आणि आजचे चांगले क्लास डी (आउटपुट ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करणारे) अ‍ॅम्प्लिफायर तर त्याहूनही शांत असतात. ट्यूबमध्ये विशेषतः २ए३ किंवा ३००बी यांसारख्या, ज्यांची तापणारी तार हाच कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) असतो अशा ट्यूबमध्ये, ती तार एसीवर तापवली तर कित्येक मिलिव्होल्टची गुणगुण सहज शिल्लक राहते. डीसीवर तापवलेली आणि काळजीपूर्वक जुळवलेली यंत्रे १ मिलिव्होल्टच्या खाली येतात. मात्र विकत घेण्यापूर्वी हा आकडा मागून घ्यावा, गृहीत धरू नये. याशिवाय काही ट्यूब धक्क्याने किंवा आवाजाच्या कंपनाने स्वतःच किणकिणतात, आणि ही किणकिण हॉर्नमधून फार स्पष्ट ऐकू येते. इनपुटच्या छोट्या ट्यूबवर पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच टिचकी मारली की ती ट्यूब कशी आहे ते कळते.

तपासणी करताना गोंगाट नेमका कोणाचा हे वेगळे काढावे लागते. आधी पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचे इनपुट शॉर्ट केलेल्या प्लगने बंद करावे आणि मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजावे. मग प्लग काढून त्याच्या आधीचे, आवाजाची पातळी ठरवणारे उपकरण, म्हणजे प्रीअ‍ॅम्प्लिफायर जोडावा आणि आवाजाची खुंटी शून्यावर ठेवून पुन्हा मोजावे. शेवटी सर्व उपकरणे जोडावीत. पहिल्याच टप्प्यावर गुणगुण असेल तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा. तिसऱ्या टप्प्यावरच आली तर बहुधा उपकरणांच्या अर्थिंगमध्ये वेटोळे (ग्राउंड लूप) पडलेले असते आणि अ‍ॅम्प्लिफायर बदलून काहीही साधणार नाही. साधे मल्टिमीटर गुणगुण बऱ्यापैकी मोजतात, पण फुसफुस पूर्णपणे पकडत नाहीत. ती कानानेच पाहावी. अ‍ॅम्प्लिफायर चालू होऊन स्थिरावल्यावर, कोणतेही संगीत चालू नसताना, हॉर्नच्या तोंडापासून हातभर अंतरावरून ऐकावे.

अनेकदा खरा दोष असतो तो जास्तीच्या गेनचा. नेहमीच्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा गेन २६ डेसिबलच्या आसपास, म्हणजे वीसपट असतो. वर काढलेल्या १.८ वॉटसाठी ८ ओहमवर फक्त ३.८ व्होल्ट लागतात, आणि सीडी प्लेअरसारखे उपकरण स्वतःच सुमारे २ व्होल्ट देते. म्हणजे गरज दुपटीची आणि यंत्र देते वीसपट. उरलेले २० डेसिबल प्रीअ‍ॅम्प्लिफायरचा गोंगाट मोठा करण्यात जातात: त्याच्याकडून येणारे केवळ ५० मायक्रोव्होल्ट वीसपटीने १ मिलिव्होल्ट होतात. आवाजाची खुंटी कायम तळाशी राहिल्याने डाव्या-उजव्या बाजूंतील तोलही बिघडतो. यावर कमी गेनचा अ‍ॅम्प्लिफायर, गेन बदलण्याची सोय, किंवा पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटपाशी १० ते २० डेसिबलचा साधा रेझिस्टर-विभाजक हे उपाय आहेत, आणि ते ट्यूबला आणि सॉलिड-स्टेटला सारखेच लागू होतात.

चौथी पायरी: आउटपुट इंपीडन्स आणि स्पीकरची वक्ररेषा

ट्यूब आणि सॉलिड-स्टेट यांच्या नादात जो फरक लोक ऐकतात, त्यातील मोठा भाग येथे सापडतो. सॉलिड-स्टेटचा आउटपुट इंपीडन्स ०.१ ओहमच्या आत असतो, तर फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग इनपुटकडे परत नेऊन चूक सुधारण्याची सोय) नसलेल्या सिंगल-एंडेड ट्रायोडचा दीड ते तीन ओहम. स्पीकरचा इंपीडन्स सर्व कंपनसंख्यांवर सारखा नसतो. हॉर्नच्या खालच्या मर्यादेजवळ आणि क्रॉसओव्हरच्या (हॉर्न आणि वूफर यांच्यात स्वर वाटून देणाऱ्या मंडलाच्या) आसपास तो चढतो-उतरतो. समजा एका संचाचा इंपीडन्स कुठे ५ आणि कुठे ४० ओहम आहे. ३ ओहमचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर ५ ओहमच्या जागी ४.१ डेसिबल घट होते आणि ४० ओहमच्या जागी केवळ ०.६. म्हणजे स्पीकरच्या स्वरसंतुलनात जवळजवळ साडेतीन डेसिबलचा बदल झाला, जो कोणालाही ऐकू येईल. ०.१ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर हाच फरक ०.१५ डेसिबल राहतो. ‘ट्यूबमुळे आवाज उबदार झाला’ किंवा ‘गायकाचा आवाज पुढे आला’ असे वर्णन ऐकले की मी आधी त्या स्पीकरची इंपीडन्सची वक्ररेषा मागतो.

ही वक्ररेषा घरी काढता येते. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर एकसर जोडावा, संगणकावरून वेगवेगळ्या कंपनसंख्यांचे अगदी हळू स्वर सोडावेत, आणि प्रत्येक वेळी स्पीकरवरील व्होल्टेजला रेझिस्टरवरील व्होल्टेजने भागून दहाने गुणावे. येणारा आकडा म्हणजे त्या कंपनसंख्येवरील इंपीडन्स. अनेक साध्या मल्टिमीटरची अचूकता ४०० हर्ट्झपर्यंतचीच गृहीत धरलेली असते, पण आपण गुणोत्तर घेत असल्याने त्यातील बरीचशी चूक कटते. ही मोजणी संपूर्ण संचाच्या टर्मिनलवर करावी. सुट्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरला खालचे स्वर कधीही देऊ नयेत.

आता एल-पॅडकडे, म्हणजे ड्रायव्हरचा आवाज कमी करणाऱ्या दोन रेझिस्टरच्या जोडणीकडे, वळू, कारण हॉर्नच्या बाबतीत तो सर्व चित्र बदलतो. वरच्या उदाहरणातील हॉर्न १० डेसिबल खाली आणायला ८ ओहमच्या ड्रायव्हरसाठी सुमारे ५.५ ओहम एकसर आणि ३.७ ओहम समांतर असे दोन रेझिस्टर लागतात. त्यांचे तीन परिणाम होतात. अ‍ॅम्प्लिफायरची फुसफुसही १० डेसिबलने घटते. अ‍ॅम्प्लिफायरला दिसणारा भार सपाट होतो: ड्रायव्हरचा इंपीडन्स ८ वरून ४० ओहमवर गेला, तरी बाहेरून तो ८ वरून ८.९ पर्यंतच जातो. आणि ड्रायव्हरच्या बाजूने पाहिले तर त्याला मागे सुमारे २.२ ओहमचा स्रोत दिसतो, मग अ‍ॅम्प्लिफायरचा इंपीडन्स ०.०१ ओहम का असेना. सॉलिड-स्टेटचा डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचा इंपीडन्स भागिले आउटपुट इंपीडन्स) कित्येक शेकडे आहे म्हणून कॉम्प्रेशन ड्रायव्हर घट्ट पकडीत राहील, या युक्तिवादाला एल-पॅड असलेल्या संचात अर्थ उरत नाही, तो यामुळेच.

ज्यांच्याकडे ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर आधीच आहे त्यांनी एक गोष्ट जरूर करून पाहावी: ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या टॅपवर (आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या ४ ओहमसाठीच्या जोडावर) जोडावा. आउटपुट इंपीडन्स निम्मा होतो, ट्रायोडची विकृती घटते, गोंगाटही कमी होतो आणि मोबदल्यात थोडे वॉट जातात, ज्यांची हॉर्नला तशीही गरज नसते.

पाचवी पायरी: एका रेझिस्टरची चाचणी

ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर विकत घेण्याआधी ही चाचणी करावी असा माझा आग्रह आहे. तुमच्याकडे आत्ता असलेल्या सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प्लिफायरच्या आणि स्पीकरच्या मध्ये २ ते ३ ओहमचा, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर एकसर जोडा आणि काही आठवडे तसेच ऐका. हॉर्नला इतकी कमी शक्ती लागते की रेझिस्टरमध्ये वाया जाणारा भाग जाणवत नाही. या मांडणीत ट्रान्झिस्टरची शांतता आणि कमी विकृती कायम राहते, पण स्पीकरला दिसणारा स्रोत ट्रायोडसारखा होतो.

आवाज तुम्हाला हवा तसा झाला, तर तुम्हाला आवडणारी गोष्ट म्हणजे स्वरसंतुलनातील बदल आहे, आणि ती क्रॉसओव्हर किंवा एल-पॅड किंचित बदलूनही कायमची मिळवता येईल. काहीच फरक पडला नाही, तर तुमचा भार सपाट आहे आणि अ‍ॅम्प्लिफायर बदलून मिळेल ते फक्त विकृतीच्या स्वरूपामुळे मिळेल. आवाज बिघडला, खालचे स्वर सैल झाले, तर फीडबॅक नसलेला ट्रायोड या संचाला बसणार नाही हे जवळजवळ निश्चित समजावे.

सहावी पायरी: मिलिवॉटमधील विकृती

१०५ डेसिबलचा स्पीकर १ मीटरवर ८० डेसिबल देतो तेव्हा त्याला फक्त ३ मिलिवॉट लागतात. त्यामुळे शंभर वॉटवर मोजलेली विकृती किती, हा प्रश्न गैरलागू आहे. वॉटच्या काही हजारांश भागात अ‍ॅम्प्लिफायर कसा वागतो ते पाहावे. सिंगल-एंडेड ट्रायोडमध्ये मुख्यतः दुसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा स्वर) असतो आणि तो पातळीच्या प्रमाणात घटतो: पूर्ण ८ वॉटवर ३ टक्के असेल तर ८० मिलिवॉटवर साधारण ०.३ टक्के. म्हणजे ज्या पातळीवर तुम्ही बहुतेक वेळ ऐकता तिथे हा गाजलेला ट्यूबचा रंग फार फिका असतो. हॉर्नच्या गळ्यातील हवासुद्धा जास्त दाबावर दुसरा हार्मोनिक निर्माण करते, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या हार्मोनिकशी तो कधी जुळून वाढतो, कधी विरुद्ध पडून घटतो. म्हणून सिंगल-एंडेड अ‍ॅम्प्लिफायरवर दोन्ही स्पीकरच्या तारा एकदम उलट्या जोडून आणि स्रोताची ध्रुवताही उलटवून ऐकणे अगदीच वेडेपणाचे नाही, जरी घरगुती पातळीला फरक सूक्ष्मच असतो.

क्लास एबी सॉलिड-स्टेटवर आक्षेप असा की एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम सोपवतानाचा सांधा लहान आवाजातच जास्त दिसतो. जुन्या किंवा बायस (सिग्नल नसतानाचा स्थिर प्रवाह) नीट न लावलेल्या यंत्रांत हे खरे आहे. पण आउटपुटच्या जोडीत १०० मिलिअँपिअर प्रवाह स्थिर वाहत असेल, तर ८ ओहमवर सुमारे ०.१६ वॉटपर्यंत दोन्ही ट्रान्झिस्टर चालूच राहतात, म्हणजे तेवढ्या मर्यादेत यंत्र क्लास ए मध्येच असते. १०४ डेसिबलच्या हॉर्नवर ही मर्यादा १ मीटरला ९६ डेसिबल भरते. बायस योग्य असलेला साधा एबी अ‍ॅम्प्लिफायर हॉर्नवर बहुतेक वेळ सांध्यापर्यंत पोहोचतच नाही. ज्यांना तरीही शंका वाटते त्यांच्यासाठी कमी शक्तीचा क्लास ए सॉलिड-स्टेट हा फार चांगला मधला मार्ग आहे. जॉन लिन्सली हूड यांनी १९६९ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात मांडलेला १० वॉटचा क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर आजही हौशी लोक बनवतात, आणि नेल्सन पास यांनी ‘फर्स्ट वॉट’ या नावाखाली नेमक्या अशाच, थोडक्या वॉटच्या यंत्रांची मालिका केली आहे. त्यांतील काहींचा आउटपुट इंपीडन्स तर मुद्दाम जास्त ठेवलेला आहे. माझ्या मते हॉर्नसाठी हा वर्ग ट्यूब आणि एबी या दोहोंपेक्षा आधी ऐकून पाहावा.

खालचा पट्टा आणि दोन अ‍ॅम्प्लिफायरची सोय

सिंगल-एंडेड ट्यूबच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून सतत डीसी प्रवाह वाहतो, त्यामुळे गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते आणि खालच्या स्वरांत पूर्ण शक्ती मिळत नाही. वूफर साध्या पेटीतला असेल तर जास्त आउटपुट इंपीडन्समुळे त्याचा प्रभावी क्यूही (अनुनाद किती रेंगाळतो याचे माप) वाढतो: कॉइलचा रोध ६ ओहम आणि स्रोत २ ओहम असेल, तर विद्युत क्यू एक-तृतीयांशाने वाढतो. ज्या ताकदवान चुंबकाच्या फुल-रेंज (सगळा पट्टा एकट्याने वाजवणाऱ्या) ड्रायव्हरचा एकूण क्यू ०.२ ते ०.३ असतो, त्यांना पडद्याच्या मागच्या बाजूच्या हॉर्नमध्ये ही वाढ उलट मानवते; तिथे ट्रायोडला खरोखर तांत्रिक आधार आहे. क्यू ०.४ च्या पुढील वूफरचा आवाज मात्र तिच्यामुळे घुमू लागतो.

मिश्र संचासाठी सर्वांत समाधानकारक उत्तर दोन अ‍ॅम्प्लिफायर हेच आहे: वूफरला सॉलिड-स्टेट, हॉर्नला ट्यूब किंवा कमी वॉटचा क्लास ए, आणि त्यांच्या आधी अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर. ट्यूबला खालचे स्वर हाताळावे लागत नाहीत, तिचा ट्रान्सफॉर्मर निवांत राहतो आणि ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण कॉम्प्रेशन ड्रायव्हर फारशी वाजवतही नाही. फुसफुसीचा धोका मात्र या मांडणीत वाढतो, कारण पूर्ण १०७ डेसिबलचा ड्रायव्हर थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला असतो. म्हणून अ‍ॅक्टिव्ह मांडणीतही ड्रायव्हरपाशी ६ ते १० डेसिबलचा एल-पॅड ठेवावा असे मी सांगेन, तो ‘वाया’ गेला असे वाटले तरी.

ड्रायव्हरचे रक्षण

कॉम्प्रेशन ड्रायव्हरचा पडदा पातळ असतो आणि तो हलायला जागा फार थोडी असते. सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर आउटपुटवर डीसी येऊ शकतो. चालू-बंद करताना धक्काही बसतो. ट्यूबच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून डीसी जात नाही, ही तिची जमेची बाजू आहे, पण ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ओटीएल ट्यूब यंत्रांना ती लागू नाही. अ‍ॅक्टिव्ह मांडणीत ड्रायव्हरशी एकसर एक कपॅसिटर हवाच. क्रॉसओव्हर १००० हर्ट्झला असेल तर कपॅसिटरची मर्यादा दोन सप्तके खाली, २५० हर्ट्झला धरावी. ८ ओहमसाठी सुमारे ८० मायक्रोफॅरड लागतात. चालू करताना सॉलिड-स्टेट पॉवर अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, हा क्रम पाळावा.

ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता सिग्नल देऊन चालवू नये, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आतील व्होल्टेज ३०० ते ४५० व्होल्ट, आणि ८४५ किंवा २११ सारख्या ट्यूबना १००० व्होल्टपर्यंत असतो, जो बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. झाकण उघडण्याचे काम जाणकारावर सोपवावे. आउटपुट ट्यूब काही हजार तासांनी बदलाव्या लागतात, तेव्हा दर काही वर्षांनी येणारा हा खर्च खरेदीच्या हिशेबातच धरावा.

ऐकून तुलना करताना

दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना पातळी जुळवल्याशिवाय केली तर किंचित मोठा वाजणारा जिंकतो. १००० हर्ट्झचा हळू स्वर लावून स्पीकरच्या टर्मिनलवरील व्होल्टेज ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे सुमारे एक टक्क्याच्या आत जुळवावा. जास्त इंपीडन्सच्या ट्यूबवर ही जुळणी त्या एकाच कंपनसंख्येला खरी असते, हे ध्यानात ठेवून निष्कर्ष काढावा. तुलना नेहमीच्या पातळीवर, ओळखीच्या ध्वनिमुद्रणावर आणि शक्य असेल तर कोणते यंत्र चालू आहे हे न कळता करावी.

अ‍ॅम्प्लिफायर ठरल्यावर एल-पॅड पुन्हा जुळवायला विसरू नये. पॅसिव्ह क्रॉसओव्हर बहुधा शून्य ओहमचा स्रोत गृहीत धरून आखलेला असतो, आणि त्याला २ ओहमची ट्यूब जोडली की हॉर्न आणि वूफर यांच्यातील तोल बदलतो, त्यांच्या सांध्याची जागाही सरकते. एल-पॅडचा समांतर रेझिस्टर अर्ध्या ओहमच्या टप्प्यांनी बदलत, प्रत्येक बदलानंतर मोजमाप घेत किंवा निदान एक-दोन दिवस ऐकत, हॉर्न पुन्हा वूफरच्या पातळीला आणावा. बहुतेक संचांत एक ते दोन डेसिबलचा बदल पुरतो.